पुढे काय? : आर्ट थेरपिस्ट व्हायचंय!

मुलांनो, या आठवड्याच्या गठ्ठ्यात नालासोपाऱ्याच्या एका दहावीतल्या मैत्रिणीचं पत्र आहे. तिचा धाकटा भाऊ स्वमग्न आहे. तो फारसा बोलत नाही, पण हातात खडू मिळाला की तास न् तास रमतो. ती लिहिते, ‘मला आर्ट थेरपिस्ट व्हायचंय. बाबा म्हणतात, सायन्स घे, चित्रं काय, रविवारीही काढता येतात. काय करू?’

बाबांवर रागावू नकोस हं! ज्या कामाचं नावच कधी ऐकलं नाही, त्याची काळजी वाटणारच.

हे नाव दिलं एड्रियन हिल या इंग्रज चित्रकाराने. १९३८ साली तो क्षयरोगाने सॅनेटोरियममध्ये पडून होता. वेळ जाईना म्हणून चित्रं काढू लागला, तर त्याला बरं वाटायला लागलं. मग त्याने इतर रुग्णांच्याही हाती रंग दिले. १९४२ मध्ये त्याने या कामाला ‘आर्ट थेरपी’ म्हटलं. आणि इतक्या लांब तरी कशाला? आपल्याच पालघर जिल्ह्यातले, डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८, पद्मश्री २०११) घ्या. लहानपणी घरच्यांचा आधार सुटला तेव्हा ते बोलेनासे झाले आणि मातीत चित्रं काढूनच सांगू लागले, असं म्हणतात. तिथे कुणी थेरपिस्ट नव्हता, पण चित्राचा आधार होता.

थेरपिस्ट चित्रकला शिकवत नाही. चित्र सुंदर झालं की नाही, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. आणि तो चित्रावरून भविष्यही सांगत नाही, बरं का! आकाश काळं रंगवलं की ‘मूल दुःखी आहे’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. अहो, डबीत काळाच खडू उरला असेल! थेरपिस्ट विचारतो, ‘यात काय चाललंय, सांगशील?’ आणि थांबतो. हे थांबणंच शिकायला वर्षं लागतात.

आता शिक्षण. दहावीनंतर कुठलीही शाखा चालते, सायन्ससुद्धा. बारावीनंतर दोन वाटा आहेत. एक मानसशास्त्रात बी.ए., दुसरी चित्रकलेची पदवी. चित्रकलेसाठी वसईतच वसई विकासिनीचं दृक्कला महाविद्यालय आहे, मुंबईत १८५७ पासूनचं जे. जे. आहे. (विरार लोकलमध्ये उभं राहायची तयारी ठेव!) माझं मत विचारशील तर मानसशास्त्र आधी. चित्राचा हात घरीही चालू राहतो, पण दुखावलेल्या मुलाशी कसं वागावं ते घरी शिकता येत नाही. त्यापुढे एम.ए. आणि मग आर्ट थेरपीचं खास प्रशिक्षण, तेही अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम करून.

ब्रिटनमध्ये पदव्युत्तर शिक्षण आणि नोंदणी नसेल तर स्वतःला आर्ट थेरपिस्ट म्हणवणं कायद्याने मना आहे. आपल्याकडे २०२१ च्या आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्याच्या यादीत आर्ट थेरपिस्टचा उल्लेख आला. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला मात्र भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. तो वेगळा अभ्यास.

म्हणून दोन दिवसांत ‘सर्टिफाइड थेरपिस्ट’ करून देणाऱ्या जाहिरातींपासून सावध राहा. फी भरण्याआधी तीन गोष्टी विचार : शिकवणाऱ्यांचं स्वतःचं शिक्षण काय, प्रत्यक्ष कामाचे तास किती, आणि चुकलं तर सांगणारं कोण? उत्तर गुळमुळीत आलं तर सरळ घरी ये.

तूर्तास एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिल्या नसशील तर देऊन टाक. बाबांना हे पान वाचायला दे. आणि हो, भावाच्या प्रत्येक चित्रामागे तारीख लिहून ठेव. चित्र दुरुस्त मात्र करू नकोस.