वाणसामानाचा भाव आणि कस

दोन गांवचीं माणसें एकत्र बसलीं कीं बोलणें लवकरच बाजारभावावर येतें. मुंबईस अमुक जिन्नस किती महाग, नाशकास तोच किती स्वस्त, पुण्याच्या पेठेंत तो कोणत्या दरानें मिळतो, याची तुलना मोठ्या उत्साहानें चालते. आणि ज्याच्या गांवचा आंकडा लहान, तो जिंकला असें ठरतें. परंतु किलोस किती रुपये पडले एवढ्यावरच थांबणारी ही तुलना अपुरी असून पुष्कळ वेळां फसवीही असते, असें आमचें मत आहे. माल वजनांत किती भरला, त्यांत मिसळ किती, आणि दिलेल्या रुपयापैकीं पिकविणाराच्या हातीं काय पडलें, हे तीन प्रश्न विचारल्यावांचून कोणताही बाजार स्वस्त किंवा महाग म्हणतां येत नाहीं.

कांद्याचेंच उदाहरण घेऊं. नाशिक जिल्ह्यांतील लासलगांव ही कांद्याची मोठी पेठ. तेथून मुंबई रस्त्यानें कांहीं तासांच्या वाटेवर. तरी लासलगांवच्या लिलावांतील भाव व मुंबईच्या गल्लींतील हातगाडीवरचा भाव यांत अनेकदां जमीनअस्मानाचें अंतर पडतें. तें सगळें अंतर नफ्याचेंच आहे असें म्हणणें अन्यायाचें होईल. हमाली, तोलाई, अडत, गोणी, गाडीभाडें, वाटेंत सडणारा माल व किरकोळ दुकानदाराचें जागाभाडें हीं सर्व त्यांत मोजलीं पाहिजेत. तथापि २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासांत, ग्राहकाच्या रुपयांतील शेतकऱ्याचा वांटा टोमॅटोंत सुमारें ३३, कांद्यांत ३६ व बटाट्यांत ३७ पैसेच असल्याचें आढळलें. उलट गुजरातेंतील सहकारी दूधसंघ आपण रुपयामागें सुमारें ८० पैसे उत्पादकास परत देतों असें सांगतो. दूधही नाशवंतच आहे. तेव्हां मालाच्या नाशवंतपणावर सारा दोष ढकलतां येणार नाहीं. व्यवस्थेकडेही पाहिलें पाहिजे.

आतां कसाचा विचार करूं. १९९८ सालीं दिल्लींत मोहरीच्या तेलांत पिवळ्या धोतऱ्याच्या बियांच्या तेलाची भेसळ होऊन साठांहून अधिक माणसें दगावलीं. कोणा गृहिणीनें तें विष म्हणून विकत घेतलें नव्हतें. रोजच्या फोडणीचें तेल म्हणूनच घेतलें होतें. बांगलादेशांत हळदीस झळक यावी म्हणून तिला शिसेंमिश्रित पिवळा रंग लावीत. हें शिसें मुलांच्या मेंदूस कायमचा अपाय करतें. २०१९ सालीं तेथील बाजारांतून घेतलेल्या हळदीच्या नमुन्यांपैकीं ४७ टक्क्यांत तें सांपडलें. पुढें सरकारनें जाहीर सूचना लावल्या, घाऊक पेठेंत धाड घालून दंड केले. आणि २०२१ सालच्या तपासणींत एकाही नमुन्यांत शिसें निघालें नाहीं. भेसळ ही कांहीं दैवी आपत्ति नव्हे; मनापासून बंदोबस्त केला तर ती हटते, याला आणखी पुरावा कशास हवा?

येथें आमचे व्यापारी बंधु म्हणतील, "गिऱ्हाइकासच स्वस्त माल हवा, तेथें आम्हीं काय करावें?" या म्हणण्यांत तथ्य आहे, आणि आमच्या तक्रारीचें मर्मही तेंच आहे. चोख मिरचीपूड विकणाराचा खर्च ठरलेला असतो. शेजारचा दुकानदार तींत भुसा व रंग मिसळून किलोमागें कांहीं रुपये कमी घेतो, आणि नुसता आंकडा पाहणारें गिऱ्हाईक तिकडे वळतें. अशा रीतीनें आपणच आपल्या हातांनीं सचोटीला दंड व लबाडीला बक्षीस देत असतों. याची पहिली झळ गरिबास लागते. रोजच्या मजुरींतून पावशेर तेल आणणाऱ्यास दुकान बदलण्याची सोय नसते. उधारी बंद होईल या भीतीनें त्याला तक्रारही करवत नाहीं.

कायदे आहेत, पण ते वापरले पाहिजेत. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें कोणाही खरेदीदारास फी भरून विकत घेतलेला जिन्नस तपासवून घेण्याचा हक्क दिला आहे. बांधीव मालावर एकूण किमतीबरोबर दर ग्रॅमाचा अगर किलोचा भाव छापण्याची तरतूद २०२१ च्या नियमदुरुस्तीनें झाली. तो भाव वाचणारास, पुडा तेवढाच ठेवून आंतील वजन घटविण्याची युक्ति तत्काळ ओळखतां येते. मात्र एकट्या गिऱ्हाइकाचें बळ तें किती? इंग्लंडांत रॉचडेल येथील २८ कष्टकऱ्यांनीं १८४४ सालीं आपलें सामाईक दुकान काढलें, तें शुद्ध माल व पुरें वजन मिळावें म्हणूनच. मुंबईंतही १९४८ सालीं अपना बाजार व १९७५ सालीं मुंबई ग्राहक पंचायत यांनीं हाच मार्ग धरला. पंचायतीचीं सभासद कुटुंबें संघ करून महिन्याचें वाणसामान एकत्र मागवितात.

आमची सूचना एवढीच कीं, प्रत्येक आळींतील दहा-वीस कुटुंबांनीं एक वही घालावी. तींत जिन्नस, वजन, किलोचा भाव आणि माल कसा निघाला हें लिहावें. व संशय येईल तो जिन्नस वर्गणी काढून तपासवावा. व्यापाऱ्यांच्या मंडळांनींही भेसळ करणारास पाठीशीं घालूं नये. तो त्यांच्याच पेठेची अब्रू विकीत असतो. जेथें पिकविणारा नागवला जात नाहीं, माप पुरें भरतें व ताटांतलें अन्न मुलास निर्धास्तपणें वाढतां येतें, तेंच गांव स्वस्त. इतर गांवांचे आंकडे लहान असतील, पण तेथील उरलेली किंमत पुढें दवाखान्यांत मोजावी लागते.