फोटोची खतावणी



जळगावातील आमचे कापडाचे दुकान आणि शेजारचा फोटो स्टुडिओ यांच्यामध्ये एकच भिंत आहे. गेली बत्तीस वर्षे भिंतीच्या अलीकडे मी कापड मोजतो आणि पलीकडे आप्पा लोकांचे फोटो काढतात. सारा बाजार त्यांना आप्पाच म्हणतो. ते मला शेठ म्हणतात. इतका जवळचा शेजार असूनही त्यांचा दिवस कसा जातो, हे मी कधी नीट पाहिले नव्हते. या वर्षी चैत्रात त्यांनी सांगितले की, मृग लागण्यापूर्वी स्टुडिओ बंद करायचा आहे. मुलगा पुण्यात नोकरीत रमला आहे आणि मालकाला जागा परत हवी आहे. तेव्हा हा उन्हाळा मी सवड मिळेल तसा भिंतीपलीकडे जाऊन बसलो. त्याचीच ही हकीकत.

लग्नसराईत आप्पांचा दिवस कुठे संपतो आणि कुठे सुरू होतो, हे सांगणे कठीण आहे. रात्रीची वरात आटोपून दोन वाजता परतायचे, बॅटऱ्या चार्जिंगला लावायच्या आणि कार्डांतील सगळे फोटो दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवायचे. एकाच जागी ठेवलेले म्हणजे ठेवलेलेच नाही, हा त्यांचा नियम. सकाळी सातला पुन्हा कोणाच्या तरी घरची हळद. दुपारी पारा ४४-४५ अंशांवर जातो, रस्ते ओस पडतात, आम्ही व्यापारी अर्धे शटर ओढून पंख्याखाली लवंडतो. त्या वेळी अडुसष्ट वर्षांचे आप्पा डोक्याला ओला पंचा गुंडाळून मंगल कार्यालयाच्या अंगणात उभे असतात. काळा कॅमेरा उन्हात इतका तापतो की हाताला चटका बसतो; म्हणून बॅगेवरही ओले फडके असते. एखाद्या दिवशी लग्न नसले, तर प्रवेशासाठी पासपोर्ट फोटो काढायला आलेल्या मुलांची रांग असते. अखाजीच्या सकाळी त्यांनी आपल्याकडील वर्षीतपाच्या पारण्याचे, इक्षुरस घेणाऱ्या तपस्वींचे फोटो काढले आणि त्याच सायंकाळी माहेरी आलेल्या लेकींचे झोक्यावरचे.

पूर्वीचा उन्हाळा याहून कठीण होता, असे आप्पा सांगतात. फिल्म धुण्याच्या रसायनाचे तापमान २० अंशांच्या आसपास असावे लागते आणि खान्देशात वैशाखात टाकीचे पाणी दुपारी हात घालवणार नाही इतके गरम. फिल्मवरचा थर जिलेटिनचा असतो. गरम पाण्यात तो फुगतो, मऊ पडतो आणि कधीकधी सालीसारखा सुटून येतो. लग्न पुन्हा लावता येत नाही. म्हणून ते बर्फाच्या कारखान्यातून लादी आणून ट्रेभोवती तिचे तुकडे रचत, धुण्यासाठी रात्रभर गार झालेले माठाचे पाणी वापरत आणि पहाटे तीन ते पाच या वेळातच काम उरकत. डार्करूमला खिडकी नसते, पंख्याने धूळ उडते म्हणून तोही बंद. मिट्ट काळोखात, घामाचा एकही थेंब फिल्मवर पडू न देता केलेले ते काम. आपल्या घरांतील जुने अल्बम असे तयार झाले आहेत.

येथे मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. आपल्या घरचे जेवण सूर्यास्तापूर्वी होते. फोटोग्राफरच्या दृष्टीने मात्र तीच वेळ सर्वांत महत्त्वाची, कारण दिवसभराचे रखरखीत ऊन त्या तासाभरात मऊ होते आणि वधूवरांचे उत्तम फोटो तेव्हाच निघतात. पंगत बसलेली असते तेव्हा तो कामात असतो. त्याचे काम संपते तेव्हा स्वयंपाकघर बंद झालेले असते. माझ्या मुलीच्या लग्नात आप्पांनी दुपारच्या चहावर रात्री अकरापर्यंत काम केले आणि स्टेशनजवळच्या गाडीवर पोहे खाऊन ते घरी गेले. ही गोष्ट मला नऊ वर्षांनी, या उन्हाळ्यात, तीही त्यांच्या मदतनीस मुलाकडून कळली. पाचशे पाहुण्यांची विचारपूस करणाऱ्या माझ्या घराने त्यांचे ताट चार वाजता वाढून द्यायला काय हरकत होती? याच उन्हाळ्यात त्यांची उधारीची वहीही मी पाहिली. तिच्यात आपल्या समाजातील चांगली नावे होती. मी ती वाचली आणि वही मिटून ठेवली.

पण त्यांची दुसरी वही अधिक महत्त्वाची होती. ज्येष्ठाच्या पहिल्या आठवड्यात दाणा बाजारातील एका घरातील आजोबा उन्हाच्या तडाख्याने गेले. सकाळी दोन नातू स्टुडिओत आले. उठावण्यासाठी फोटो हवा होता. दोघांच्या मोबाइलमध्ये हजारो फोटो होते. त्यांत आजोबा शोधताना मीही शेजारी बसलो. एकात ते केकच्या मागे अर्धवट दिसत होते, एकात गल्ल्यावर खाली मान घालून हिशेब करत होते, एकात नातवाला उचललेले त्यांचे फक्त हात आले होते. ज्या माणसाच्या कष्टावर घर उभे राहिले, त्याचा समोरून काढलेला एकही फोटो घरात नव्हता.

आप्पांनी विचारले, "दुकानाचे नाव काय? परवाना कधी काढला होता?" मग त्यांनी कपाटातून एक जाडजूड रजिस्टर काढले. १९८२ पासूनच्या प्रत्येक निगेटिव्हचा क्रमांक, गिऱ्हाइकाचे नाव, तारीख आणि कारण त्यात लिहिलेले होते. वीस मिनिटांत नोंद सापडली: १९९१, दुकानाच्या परवान्यासाठी, पासपोर्ट आकार, सहा प्रती. खाकी पाकिटातून बोटाएवढी निगेटिव्ह निघाली आणि दुपारपर्यंत मोठा फोटो तयार झाला. नातवांनी काळ्याभोर केसांचे आजोबा प्रथमच पाहिले. रात्री त्यांच्या घरी गेलो तेव्हा आजी फोटोसमोर बसल्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "हा सदरा मीच शिवला होता."

त्या दिवसानंतर मी आप्पांना विचारले, स्टुडिओ बंद झाल्यावर या कपाटांचे काय? ते म्हणाले, "शेठ, भंगारवाला दोनदा येऊन गेला." कृष्णधवल फिल्मवरची प्रतिमा चांदीच्या कणांची असते, ती चांदी काढण्यासाठी असा माल वजनावर विकत घेतात. चांदी निघते, चेहरा जातो. भाव त्यांनी सांगितला. एका साडीच्या किमतीएवढाही नव्हता.

पुढच्या आठवड्यात धुळ्याला माझी वसुली होती आणि आप्पांना एका लग्नाचा अल्बम पोहोचवायचा होता. एरंडोल, पारोळा मार्गे आम्ही बसने बरोबर गेलो. धुळ्यातच त्यांनी तरुणपणी हे काम शिकले. त्यांचे गुरू आता नाहीत. गुरूंच्या घरच्यांनी आमचे प्रेमाने स्वागत केले, ताक दिले. निगेटिव्हविषयी विचारल्यावर मात्र सूनबाई संकोचल्या. पत्र्याखालच्या माळ्यावर त्या पेट्या होत्या; दरवर्षीच्या उन्हाने फिल्म आक्रसली, एकमेकींना चिकटली, आंबट वास येऊ लागला, म्हणून टाकून दिल्या. जुन्या फिल्मचा पायाच असा असतो, की उष्णतेने व दमटपणाने त्यातून आम्ल सुटते आणि एक पेटी बिघडली की शेजारची बिघडू लागते. दोष कोणाचाच नव्हता. आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत.

ज्या धुळ्यात हे घडले, त्याच धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी अखेरचा श्वास घेतला. जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर, पेटाऱ्यांत कसर खात पडलेले कागद गावोगाव पायपीट करून त्यांनी जमवले. त्यांतूनच १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हे २२ खंड सिद्ध झाले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते गेले आणि पुढच्याच महिन्यात धुळेकरांनी राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केले. त्यांनी वाचवलेल्या कागदांत केवळ राजांची पत्रे नव्हती. हिशेब होते, कर्जरोखे होते, साध्या माणसांचे व्यवहार होते.

परतताना आप्पांच्या आग्रहाने आम्ही धुळ्याहून रेल्वेने चाळीसगावला उतरलो. स्थानकाजवळच एक दगडी बंगला आहे. तेथे केकी मूस राहत. जन्म २ ऑक्टोबर १९१२, पारशी व्यापारी घर, आईवडिलांचे चाळीसगावातच दुकान. मुलगा इंग्लंडमध्ये कला आणि फोटोग्राफी शिकून आला आणि पुढे जवळजवळ अर्धशतक त्याने घराबाहेर क्वचितच पाऊल टाकले. रात्रीच्या गाडीने येणाऱ्या कोणाची तरी ते रोज वाट पाहत, अशी हकीकत लोक आजही सांगतात. टेबलावर साध्या वस्तू मांडायच्या, प्रकाशाची योजना करायची आणि पाहणाऱ्याला खराखुरा निसर्ग वाटावा असे चित्र टिपायचे, या टेबलटॉप प्रकारात त्यांनी देशविदेशांतील सुमारे तीनशे पारितोषिके मिळवली. जगभर फिरून फोटो काढणारे पुष्कळ असतात. या माणसाने चाळीसगावच्या चार भिंतींत जग मांडले. ३१ डिसेंबर १९८९ रोजी ते गेले. पण त्यांचे काम गावाने सांभाळले, आणि म्हणून ते आजही त्यांच्याच घरात पाहायला मिळते.

गाडीत मी आप्पांना आपल्या समाजातील लाला दीनदयाळांची गोष्ट सांगितली. मेरठजवळच्या सरधना गावातील जैन जवाहिऱ्यांच्या घराण्यात १८४४ साली जन्मलेले हे गृहस्थ इंदूरला नोकरीत असताना फोटोग्राफीकडे वळले आणि पुढे हैदराबादच्या निजामाचे दरबारी फोटोग्राफर झाले. त्यांच्या वंशजांनी काचेच्या निगेटिव्ह पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. त्यांतील अडीच हजारांहून अधिक आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. आप्पा ऐकून हसले. "शेठ, तो राजांचा फोटोग्राफर. माझ्याकडे परवान्याचे आणि साखरपुड्याचे फोटो."

मी म्हटले, "आमच्याकडे तेवढेच आहेत, आप्पा."

जळगावला आल्यावर रोज दुपारी अर्धे शटर ओढून मी रजिस्टर घेऊन त्यांच्याकडे बसू लागलो. ते नाव वाचत, मी फोन लावत असे. पुष्कळांनी 'बघू' म्हटले. काहींनी आम्ही काही विकतो आहोत असे समजून फोन ठेवला. पण काही आले. एक बाई भुसावळहून आल्या आणि लहानपणी गेलेल्या भावाचे पाकीट पदरात धरून गेल्या. एका अडत दुकानदाराने वडिलांच्या पाकिटासोबत आठ वर्षांपूर्वीच्या अल्बमची बाकीही आणून दिली. मृगापर्यंत दोन कपाटांपैकी एकही पूर्ण रिकामे झाले नाही. शेवटच्या दिवशी आप्पांनी भंगारवाल्याला परत पाठवले आणि आम्ही दोन्ही कपाटे माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत आणली. त्या खोलीवर स्लॅब आहे, पत्रा नाही.

वाचकहो, आपण व्यापारी माणसे. नाव आणि तारीख नसलेली नोंद आपण वहीत राहू देत नाही. मग घरातील फोटोच तेवढे बिननोंदीचे का? एखाद्या रविवारी वडीलधाऱ्यांना मध्ये बसवून जुना अल्बम उघडा. प्रत्येक फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, जोर न देता, कोण, कुठे आणि कधी एवढे लिहा. बॉलपेनची शाई पुढे उमटते. निगेटिव्ह कागदी पाकिटात घालून घरातील सर्वांत थंड, कोरड्या खोलीत ठेवा. मोबाइलमधील निवडक फोटो छापून घ्या, आणि आजी-आजोबांचा एक तरी समोरून, डोळ्यांत पाहणारा फोटो त्यांच्या हयातीत काढून ठेवा. आणि पुढील कार्यात फोटोग्राफरचे ताट चार वाजता वाढा.

१९८२ ते २००५ या काळात ज्यांनी जळगावात आप्पांकडे फोटो काढले असतील, त्यांनी आमच्या दुकानी यावे. रजिस्टर माझ्या गल्ल्याशेजारी आहे. पावती लागणार नाही. नाव आणि अंदाजे साल सांगितले तरी पुरे. दुपारी आप्पा तेथेच बसलेले असतात.