टाकीतली साखर

गेल्या महिन्यात एका सकाळी आमच्या ओळखीचा एक तरुण घाम पुशीत आमच्या दारी आला. भाड्याची मोटार चालवून हा मुलगा आईबापांचे व दोन धाकट्या बहिणींचे पोषण करतो. "फादर, आमचे सर्वस्व बुडाले," तो म्हणाला. "रात्री कोणीतरी टाकीत साखर ओतली. आता इंजिनात तिचा पाक होणार आणि सारे आतल्या आत चिकटून बसणार. आणि हे कृत्य कोणाचे तेही मला ठाऊक आहे."

असे म्हणून त्याने आपल्या चुलतभावाचे नाव घेतले. दोन्ही घरांत शेताच्या बांधावरून वर्षभर बोलणे बंद आहे, हे आम्हांस माहीत होते.

"तू पाहिलेस का त्याला?" आम्ही विचारले.

"पाहिले नाही, फादर. पण दुसरे कोण असणार?"

"बरे, मोटार चालू केलीस का?"

"नाही. झाकण सैल दिसले, खाली साखरेचे दाणे सांडले होते, म्हणून हातसुद्धा लावला नाही."

"मग निम्मे काम तू करूनच आला आहेस. किल्ली आईपाशी दे, आणि मिस्त्रीला भेटेपर्यंत कोणाचेही नाव तोंडातून काढू नकोस."

वाचकहो, साखरेने इंजिनाचा पाक होतो ही समजूत केवळ खेड्यातली नव्हे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने शत्रूच्या प्रदेशातील सामान्य लोकांकरिता घातपाताची एक पुस्तिका तयार केली. १९४४ सालच्या त्या पुस्तिकेतही, साखर पेट्रोलबरोबर जळते व तिचा चिकट लगदा होऊन इंजिन बंद पडते, असे ठामपणे लिहिले आहे. सरकारी पुस्तिकेत छापले गेले म्हणून ते खरे ठरले, असे मात्र नाही.

खरी गोष्ट आपल्या स्वयंपाकघरातील कोणीही माउली पडताळून पाहू शकेल. चहात साखर विरघळते, कारण चहा म्हणजे पाणी, आणि पाण्याचे व साखरेचे सख्य आहे. एक लिटर पाण्यात सुमारे दोन किलो साखर विरघळून जाते. तीच साखर तेलात टाकून कितीही ढवळा, दाणे तळाशी तसेच राहतात. पेट्रोल व डिझेल ही तेलाच्याच जातीची होत. १९९४ साली अमेरिकेतील बर्कली विद्यापीठाचे न्यायवैद्यक शास्त्राचे प्राध्यापक जॉन थॉर्न्टन यांनी किरणोत्सारी कार्बनची खूण असलेली साखर पेट्रोलमध्ये मिसळून मोजमाप केले. तेव्हा १५ गॅलन, म्हणजे सुमारे ५७ लिटर पेट्रोलात चमचाभर साखरही विरघळत नाही, असे दिसून आले. जी वस्तू विरघळतच नाही, तिचा पाक कसा व्हावा?

म्हणजे काहीच अपाय होत नाही काय? तसेही नाही. पेट्रोलहून दुपटीने जड असल्यामुळे साखर टाकीच्या तळाशी बसते, आणि पेट्रोल ओढून घेणारा पंप बहुधा तेथेच असतो. त्याच्या तोंडाशी बारीक जाळी असते व पुढे फिल्टर असतो. मोटार चालू केली की दाणे जाळीवर येऊन साचतात. प्रथम चढावर जोर कमी पडतो, मग मोटार आचके देते, आणि शेवटी इंजिनाला पेट्रोल न मिळाल्याने ती उभी राहते. पंपावर ताण पडून तो निकामी होऊ शकतो. बारीक भुकटी फिल्टरातून निसटली तर इंजेक्टरची सूक्ष्म छिद्रे तुंबतात. थोडक्यात, टाकीत वाळू पडली तर जे व्हावे, तेच साखरेने होते.

एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. टाकीत पाणी शिरलेले असेल तर तेही तळाशीच बसते, आणि त्यात साखर विरघळते. मग तो पाक जाळीला दाद देत नाही. हल्ली आपल्या देशातील पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. उसाच्या रसापासून व मळीपासूनही आंबवून हे इथेनॉल बनते, म्हणजे आपल्या सीमाभागातील ऊस एका परीने टाकीत जातोच! निव्वळ इथेनॉलात साखर जवळजवळ विरघळत नाही, परंतु इथेनॉल पाणी ओढून घेते. म्हणून पावसाळ्यात असा प्रकार घडल्यास टाकी रिकामी करण्यास विलंब करू नये.

आता कोणावर हा प्रसंग आलाच तर काय करावे?

पहिली गोष्ट, मोटार चालू करू नये. "एकदा चालवून तर पाहू" या उतावळेपणानेच दाणे पुढे सरकतात. चालत्या मोटारीत शंका आली तर बाजूला घेऊन बंद करावी व दोराने ओढून मिस्त्रीकडे न्यावी.

दुसरी गोष्ट, तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढू नये. ते फुफ्फुसांत गेल्यास जिवावर बेतते. पेट्रोलची वाफ हवेहून जड असून जमिनीलगत पसरते, म्हणून हे काम उघड्यावर, विडीकाडी व दिव्यापासून दूर, जाणत्या माणसाने करावे. काढलेले पेट्रोल गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नये.

तिसरी गोष्ट, दाणे साखरेचेच आहेत याची खात्री करावी. तळाचे थोडे पेट्रोल काचेच्या भांड्यात घेऊन वरचे ओतून काढावे, उरलेले दाणे सावलीत वाळू द्यावेत व त्यांवर पाणी घालावे. विरघळले तर साखर, न विरघळले तर वाळू. जिभेवर मात्र ठेवू नयेत.

त्यानंतर मिस्त्री टाकी उतरवून धुतो. साखर पाण्याने निघते, परंतु टाकी पूर्ण कोरडी केल्याविना परत बसवता कामा नये. जाळी साफ करून फिल्टर नवा घालावा. इंजिन सहसा उघडावे लागत नाही.

दुसऱ्याच्या वाहनाची जाणूनबुजून नासाडी करणे हा गुन्हाच होय. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ प्रमाणे त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, व नुकसान मोठे असल्यास शिक्षाही वाढते. वाहनाचा सर्वंकष विमा असेल तर दुष्टाव्याने केलेली नासाडी बहुधा त्यात येते, केवळ तृतीय पक्षाचा विमा असेल तर येत नाही. म्हणून सफाईपूर्वी छायाचित्रे काढावीत, पोलिसांस व विमा कंपनीस कळवावे. तक्रारीत जे पाहिले तेवढेच लिहावे. ज्याला पाहिले नाही त्याचे नाव पाहिल्यासारखे लिहिणे हा दुसरा अपराध होय.

आमच्या तरुणाने तसेच केले. तक्रार दिली, तीत संशयिताचे नाव घातले नाही. आता मोटार तालुक्याला न्यायची, तर ओढायला वाहन हवे, आणि त्या वाडीवर ट्रॅक्टर एकच, तोही चुलत्याचा. मुलगा दाराशी घुटमळत राहिला. शेवटी त्याच्या आईने जाऊन विचारले. चुलतभाऊ काही न बोलता ट्रॅक्टर घेऊन आला, त्याने दोर बांधला व सात मैल मोटार ओढून नेली. मिस्त्रीने टाकीच्या तळातून ओंजळभर साखर काढली. दोन दिवसांत मोटार पुन्हा भाड्यावर गेली.

साखर कोणी टाकली, ते अद्याप कळलेले नाही. चुलतभावानेच टाकली नसेल असे आम्ही सांगू शकत नाही, आणि त्याने टाकली असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस काय, कोणासही नाही. बांधाचा वादही मिटलेला नाही. परंतु त्या दिवशी सकाळी ते नाव चावडीवर उच्चारले गेले असते, तर ट्रॅक्टर आला नसता, आणि दोन घरांमध्ये जे बसले असते ते कोणत्याही मिस्त्रीला धुऊन काढता आले नसते.

परवा दोघे भाऊ बाजारात आम्हांस दिसले. एकमेकांशी बोलत नव्हते. मात्र एकाच मोटारीतून आले होते.