तोफगोळ्याने संत घडत नाही

१/ २० मे १५२१. उत्तर स्पेनमधील पांप्लोनाचा किल्ला. फ्रेंच सैन्यापुढे शरणागती पत्करावी, असे इतरांचे मत असताना इनिगो नावाचा एक बास्क सरदारपुत्र लढण्याचा हट्ट धरून बसला. तोफगोळा आला, एक पाय मोडला, दुसराही जायबंदी झाला. हाच पुढे संत इग्नेशियस लोयोला म्हणून ओळखला गेला.

२/ ही कथा बहुधा अशी सांगतात : गोळा लागला आणि सैनिकाचा संत झाला. माझ्या मते ही मांडणी दिशाभूल करणारी आहे. ती वाचून आपणही आयुष्य पालटवून टाकणाऱ्या एखाद्या गोळ्याची वाट पाहत बसतो.

३/ तिच्याविरुद्धचा पुरावा खुद्द इग्नेशियसच देतो. १५५३ ते १५५५ या काळात त्याने आपले आत्मकथन एका सहकाऱ्याला तोंडी सांगितले. त्यातील जखमी इनिगो पूर्वीसारखाच आहे. हाड वेडेवाकडे जुळून गुडघ्याखाली उंचवटा आला, तेव्हा तो कापून काढण्याचा आग्रह त्यानेच धरला. कारण काय, तर घट्ट, रुबाबदार बूट घालता यावेत! भूल देण्याची सोय नसलेला तो काळ होता.

४/ अंथरुणावर वेळ जावा म्हणून त्याने शौर्यकथा मागितल्या. लोयोलाच्या वाड्यात त्या नव्हत्या. मिळाली ती ख्रिस्ताची आणि संतांची चरित्रे. मग कधी तो एका उच्चकुलीन स्त्रीसाठी गाजवायच्या पराक्रमांची स्वप्ने तासन्‌तास रंगवी, तर कधी असिसीच्या फ्रान्सिससारखे जगण्याचे मनोराज्य करी.

५/ दोन्ही मनोराज्ये रंगात असताना गोडच वाटत. फरक पडे तो नंतर. पहिले ओसरले की मन कोरडे आणि असमाधानी होई. दुसरे ओसरल्यावरही प्रसन्नता रेंगाळत राही. बरेच दिवस हा भेद त्याच्या ध्यानी आला नाही. ज्या दिवशी आला, तो मला त्याच्या परिवर्तनाचा खरा आरंभ वाटतो.

६/ आणि तो केवळ आरंभच होता. मॉन्सेरातच्या वाटेवर एका मूर प्रवाशाशी मरियमेवरून वाद झाला. त्याला गाठून खंजीर खुपसावा की सोडून द्यावे, हे इनिगोला ठरवता येईना. त्याने लगाम सैल सोडून निर्णय खेचरावर सोपवला. खेचराने दुसरी वाट धरली, म्हणून तो प्रवासी वाचला.

७/ मार्च १५२२ मध्ये मॉन्सेरातला त्याने तलवार देवीच्या, म्हणजे मरियमेच्या, वेदीपाशी ठेवली. पुढे मान्रेसा गावी त्याने कडक उपास केले, केस-नखे वाढू दिली. अपराधभावनेने जीव नकोसा झाला. अखेर हा अतिरेकही त्याने ओळखला आणि सोडला.

८/ या अनुभवांतून सिद्ध झालेले त्याचे ‘आध्यात्मिक साधना’ हे पुस्तक १५४८ मध्ये छापले गेले. त्यातली एक सूचना फार साधी आहे. एकच दोष निवडावा. दिवसातून दोनदा मागे वळून पाहावे. जितक्या वेळा चुकलो तितके ठिपके कागदावरील रेषेवर मांडावेत. कालचे आणि आजचे ठिपके ताडून पाहावेत.

९/ येथे एक आक्षेप रास्त आहे. त्याचा सहकारी फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आला आणि १५४६ मध्ये त्याने पोर्तुगालच्या राजाकडे गोव्यासाठी इन्क्विझिशनची मागणी केली. १५६० मध्ये ते तेथे स्थापन झाले. याच संघातील थॉमस स्टीफन्सने मराठीत रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले, हेही खरे. पण एकाने दुसऱ्याची फेड होत नाही.

१०/ माझ्या लेखी हा इतिहास लपवण्याजोगा नाही; त्यातच धडा आहे. स्वतःच्या मनाची झडती माणसाला नम्र करते. दुसऱ्याच्या मनाची झडती सत्तेच्या बळावर घेऊ लागलो की तीच श्रद्धा क्रूर होते.

११/ आपण इतिहासप्रेमी मंडळी रोज कुणाशी तरी वाद घालतो. जिंकताना गोड वाटते. अर्ध्या तासाने मन कसे असते, हे आज रात्री पाहावे. कोरडे असेल, तर एक ठिपका मांडावा. त्यासाठी कोणत्याही विशिष्ट धर्माचे असावे लागत नाही आणि तोफगोळ्याची वाटही पाहावी लागत नाही.