निरोप कुणाचा?

डहाणू-तलासरीचे नाव काढले की चळवळीतल्या माणसाला १९४५ चा वारल्यांचा उठाव आठवतो. बाकीच्या महाराष्ट्राला आता गडचिंचले आठवते. एकाचा अभिमान सांगितला जातो, दुसऱ्याचे नाव निघाले की मान खाली जाते. आम्ही ही दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवून वाचली, तेव्हा दोन्हींत आम्हाला एक खोटा निरोप दिसला. आज त्याबद्दलच लिहायचे आहे.

आधी जुनी हकिकत. २३ मे १९४५ रोजी झरी गावी पाच हजारांच्या आसपास वारली जमले. झरी आज तलासरी तालुक्यात आहे, तेव्हा उंबरगाव तालुक्यात होते. सभा शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या किसान सभेची. ठरले ते असे : रोजची बारा आणे मजुरी रोख मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर पाय ठेवायचा नाही, वेठ करायची नाही, कुणी अंगावर आला तर सर्वांनी मिळून उभे राहायचे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघांनाही सावकाराच्या दारी राबावे लागे. त्यांना लग्नगडी म्हणत. ही गुलामी त्या उठावाने मोडली. आमच्या तरुण वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, पण हेच शामराव त्याआधी बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षात होते. १० जानेवारी १९३८ रोजी खोतीविरुद्ध शेतकऱ्यांचा जो मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला, त्यात ते बाबासाहेबांबरोबर होते. निळा आणि लाल यांचे नाते सांगताना हे नाव विसरले जाते, म्हणून मुद्दाम लिहिले.

वारली उठले तसे जमीनदार हादरले. मग त्यांनी डाव टाकला. त्यांची माणसे पाड्यापाड्यांवर सांगत फिरली की तलवाड्याला गोदावरीबाईंची सभा आहे, बाईंवर गुंड हल्ला करणार आहेत, हत्यारे घेऊन राखणीला या. तिकडे पोलिसांना कळवले की आदिवासी हत्यारे घेऊन आमच्यावर चालून येत आहेत. बाई तिथे येणारच नव्हत्या. १० ऑक्टोबर १९४५ च्या रात्री हजारो वारली तलवाड्याला जमले आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगडसह पाच जण ठार झाले. पुढे परुळेकर पती-पत्नीलाच ठाणे जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले! निरोप धाडणाऱ्यांच्या केसालाही धक्का लागला नाही.

'जमाव चालून येतो आहे' हे वाक्य आपल्या समाजाने पुढेही ऐकले आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात दहा जणांचे बळी गेले. तेव्हाही लोक टँकर पेटवणार होते असे सांगितले गेले. गुंडेवार आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरवला. पण गेलेली माणसे गेलीच.

आता गडचिंचले. डहाणू तालुक्यातले, दादरा-नगर हवेलीच्या सीमेलगतचे हे गाव. २०२० च्या टाळेबंदीत मुले पळवणारी आणि माणसांच्या किडन्या काढणारी टोळी फिरते आहे अशी आवई कासा परिसरात उठली होती. मोबाइलवर निरोप फिरत होते, तोंडोतोंडीही बातमी पसरत होती. गावोगाव रात्रीच्या गस्ती सुरू झाल्या. १६ एप्रिलच्या रात्री कांदिवलीहून सुरतेला अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर जमावाच्या हाती लागले. पोलीस पोचले होते, त्यांच्या देखत तिघांना ठार मारण्यात आले. एक साधू सत्तर वर्षांचा होता.

गंमत, खरे तर खेद, पुढेच आहे. एका अफवेने तिघांचा जीव घेतला, तर लगेच दुसरी अफवा निघाली की हे मुसलमानांनी केले. चित्रफितीत कुणीतरी 'ओय बस, ओय बस' असे ओरडत होता. त्याचे 'शोएब बस' करून देशभर फिरवले गेले. अखेर गृहमंत्री अनिल देशमुख यांना २२ एप्रिलला अटक झालेल्या १०१ जणांची यादीच प्रसिद्ध करावी लागली. त्यात एकही मुसलमान नव्हता. तिसरी आरोळी डाव्यांविरुद्ध उठली आणि मेलेल्यांचे दुःख बाजूला राहून पक्षापक्षांची धुळवड झाली. पाड्यांवरची शंभराहून अधिक घरे मात्र कोर्टाच्या फेऱ्यांत अडकली.

दोन वर्षे आधी, १ जुलै २०१८ ला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात असेच झाले होते. मुले पळवणारे समजून भिक्षेवर पोट भरणाऱ्या डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारले. भटक्याचा जीव सर्वांत स्वस्त! त्या महिन्यात व्हॉट्सॲप कंपनीने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल अशी अट घातली. ७ एप्रिल २०२० ला तिने ती आणखी आवळली. अनेकदा फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी धाडता यावा असे केले. त्यानंतर नवव्या दिवशी गडचिंचले घडले.

डाव्या मंडळींत सध्या दोन वाद रंगले आहेत. एक म्हणतात, सगळे पाप या मोबाइल कंपन्यांचे आणि वाहिन्यांच्या मालकांचे आहे. लोकांना भडकवले की लोक जास्त वेळ पडद्याला चिकटतात आणि तेवढा यांचा गल्ला भरतो. हे खरे आहे, पण तलवाड्याच्या वेळी मोबाइल नव्हता. दुसरे म्हणतात, उजव्यांनी जनभावनेवर स्वार होऊन सत्ता घेतली, तर आपणही 'आम्ही लोक विरुद्ध ते बडे' अशी साधी हाक द्यावी, एखादा लाडका नेता पुढे करावा. बेल्जियमच्या विदुषी शांताल मूफ यांनी २०१८ साली डाव्यांनी असा जनवाद उभारावा म्हणून पुस्तकच लिहिले. विद्वानांशी वाद घालण्याइतका आमचा अभ्यास नाही. पण २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातली भक्ती हा हुकूमशाहीचा रस्ता आहे असे बजावले होते, ते आम्हाला अधिक पटते. गडचिंचल्यातही 'आम्ही' होते आणि 'ते' होते. झरीच्या 'आम्ही'ने मजुरीचा दर ठरवला होता, शिस्त ठरवली होती, आणि विचारले तर उत्तर द्यायला माणसे होती. गडचिंचल्याच्या 'आम्ही'जवळ फक्त भीती होती. ज्या तालुक्यात लाल झेंडा पाऊणशे वर्षे फडकतो आणि २०१९ व २०२४ या दोन्ही निवडणुकांत मार्क्सवादी आमदार निवडून आला, तिथे त्या रात्री 'थांबा, आधी विचारू' असे म्हणणारा आणि ज्याचे लोक ऐकतील असा माणूस का नव्हता, हा प्रश्न डाव्यांनी स्वतःला विचारायला हवा. आपल्या वस्त्यांत तो आहे का, हे आपणही पाहावे.

१९२० साली 'मूकनायक' निघाला तेव्हा 'केसरी'ने त्याची जाहिरात पैसे देऊनही छापली नाही. बाबासाहेबांना स्वतःचे पत्र काढावे लागले ते यासाठीच. पण आपण एक गोष्ट ध्यानात घेत नाही. अशा पत्रावर छापणाऱ्याचे, प्रकाशकाचे नाव-गाव कायद्याने द्यावे लागते. चुकीचे छापले तर दारात येऊन जाब विचारता येतो. मोबाइलवरच्या निरोपाला ना बाप ना गाव. १९४५ च्या वारल्याला बाई खरोखर येणार आहेत का हे विचारायला रात्रीत कोसच्या कोस चालावे लागले असते. आज विचारायला एक मिनिट पुरते, तरी बोट पुढे ढकलण्याच्या खुणेवरच जाते. आमच्या घरांत हे काम पोरे करतात असे नाही, पेन्शनर मंडळी त्यांच्या दोन पावले पुढे आहेत.

आता वाढवण बंदराचा विषय तापला आहे. जून २०२४ मध्ये केंद्र सरकारने ७६,२०० कोटींच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली, ३० ऑगस्टला पायाभरणी झाली. सरकार दहा लाख रोजगार सांगते, मच्छीमार म्हणतात आमचा समुद्र गेला. दोन्ही बाजूंचे निरोप रोज येऊन आदळतात. यात खरा कागद एकच : सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने १९९६ साली नेमलेल्या डहाणू पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी दिलेली परवानगी आणि तिच्यातल्या अटी. तो कागद आपल्यापैकी किती जणांनी वाचला? डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात, पेसा कायद्याने ग्रामसभेला विचारण्याचा हक्क आहे. पुढच्या ग्रामसभेत तो आदेश मराठीत मोठ्याने वाचून दाखवा असे सांगायला आपल्या वस्तीतून कोण जाणार, हे येत्या रविवारी विहारात बसून ठरवावे. माता-भगिनींनीही त्यात असावे.