लंगडं पिल्लू टाकून देऊ नका

म्हसवडच्या माळावर वाघरीतल्या मेंढरांभोवती रात्रभर जागतं ते कुत्रं. लांडग्याची चाहूल आधी त्यालाच लागते. त्याचंच तीन-चार महिन्यांचं पिल्लू एके दिवशी लंगडायला लागतं. पुढचे पाय फेंगडे होतात, मनगटाचा सांधा गाठीसारखा फुगतो, पंजा जमिनीला सपाट टेकतो. ‘वाणच खोटा’ म्हणून ते रस्त्याकडेला सोडू नका. खोट पुष्कळदा वाणात नसते, खाण्यात असते.

हा मुडदूस किंवा त्याचाच भाऊबंद. नुसती भाकरी, नुसता भात, किंवा लाडानं दिलेलं नुसतं बिनहाडाचं मटण, यांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला. रक्तातली उणीव भरायला शरीर हाडातलंच कॅल्शियम काढून घेतं. हाड इतकं कच्चं होतं की साध्या उडीनंही चिरतं. त्यात धान्यातलं फायटेट आहे तेवढं कॅल्शियमही अडवून धरतं. शंभर वर्षांपूर्वी लंडनमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी ओटच्या लापशीवर पिल्लं वाढवली. त्यांना मुडदूस झाला आणि कॉडलिव्हर तेलानं, म्हणजे त्यातल्या ड जीवनसत्त्वानं, तो टळला. माणसांच्या लेकरांना त्याचा केवढा उपयोग झाला! त्या पिल्लांचं ऋण आपल्यावर आहे.

ड जीवनसत्त्व तर उन्हातून मिळतं, आणि माणदेशात उन्हाला काय तोटा, असं कुणी म्हणेल. पण कुत्र्याच्या कातडीत उन्हानं पुरेसं ड जीवनसत्त्व तयारच होत नाही, हे 1994 मध्ये डच संशोधकांनी दाखवलं. ते पोटातूनच मिळायला हवं: अंड्याचा बलक, मासे, थोडी कलेजी.

भाकरी बंद करा असं म्हणत नाही. ती मेंढीच्या दुधात कुस्करा. त्यात गाईच्या दुधापेक्षा कॅल्शियम जास्त असतं. शिजवलेली हाडं नकोत, त्यांचे अणकुचीदार तुकडे आतडं फाडतात. वाकडा पाय ओढू नका, चोळू नका, पिल्लाला उड्या मारू देऊ नका. आणि कॅल्शियमची बाटली मनानं पाजू नका. कोवळ्या पिल्लाचं शरीर जादा कॅल्शियम रोखू शकत नाही; मोठ्या चणीच्या वाणात त्यानंही हाडं बिघडतात. मात्रा पशुवैद्यकाला ठरवू द्या. गावच्या दवाखान्यात एक्स-रे नसेल, तर आपल्याच जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

आहार सुधारला की काही आठवड्यांत हाड भरू लागतं. फार वाकलेला पाय मात्र तसाच राहतो, म्हणून उशीर नको. सिद्धनाथाच्या यात्रेत, बाजारात, वाड्यावर ही गोष्ट एकमेकांना सांगा. लंगडणारं पिल्लू दिसलं, तर ते काय खातं हे आधी विचारा आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या.