‘धोकादायक’ ठरवणार कोण?

25 जून 2016 च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन आणि तिथला बुद्धभूषण प्रेस पाडला गेला. इमारत धोकादायक होती, असे कारण दिले गेले. 19 जुलैला आपण हजारोंच्या संख्येने मुंबईच्या रस्त्यावर उतरलो. पण ‘धोकादायक’ हा शब्द तांत्रिक आहे. मोर्चाबरोबर त्याला तांत्रिक उत्तरही द्यावे लागते, आणि तिथे आपली तयारी अजून अपुरी आहे.

मुंबई महापालिकेच्या वर्गवारीत सी-1 म्हणजे तातडीने रिकामी करून पाडायची इमारत. सी-2ए मध्ये पूर्ण किंवा काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती, सी-2बी मध्ये लोक राहत असतानाच दुरुस्ती, तर सी-3 मध्ये किरकोळ दुरुस्ती. म्हणजे पूर्ण इमारत पाडण्याचा वर्ग एकच आहे. दोन स्ट्रक्चरल ऑडिट परस्परविरोधी आली, तर वाद तांत्रिक सल्लागार समितीकडे नेता येतो. पहिला अहवाल हा अंतिम निकाल नसतो.

म्हणून अहवाल वाचायला शिकूया. काँक्रीटची अल्ट्रासोनिक चाचणी झाली का? गाभ्याचे नमुने काढले का? सळ्यांचा गंज मोजला का? की नुसते तडे पाहून निष्कर्ष लिहिला?

दुरुस्तीतही जाण हवी. चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते आणि भिंत पोखरते. जुन्या वास्तूला नवे सभागृह जोडताना दोन्ही घट्ट सांधले, तर नवा पाया वेगळा खचतो आणि तडे जुन्या भिंतीला जातात. त्यासाठी स्वतंत्र पाया आणि मध्ये मोकळा सांधा ठेवतात.

अर्थात, स्मृतीसाठी कुणाचा जीव टांगणीला लावणे हा धम्म नव्हे. बाबासाहेब जिथे राहिले त्या परळच्या बीआयटी चाळीत आजही कुटुंबे राहतात. स्मारक आणि सुरक्षित घर, हे दोन्ही प्रश्न एकत्रच सोडवावे लागतील.

आपल्या वस्त्यांतून आज अनेक सिव्हिल इंजिनिअर घडले आहेत. प्रत्येक जिल्ह्यात त्यांचा एक गट करूया. विहारे, वसतिगृहे आणि ऐतिहासिक वास्तूंची यादी करून तपासणी नोटीस येण्याआधीच करून घेऊया. कारण बुलडोझर आल्यावर अहवाल मागायला वेळ उरत नाही.

जय भीम!